चार कोपऱ्यांचं पाकीट

सनाने परवा यंदाच्या रुतबचा पहिला डबा आणून टेबलावर ठेवला. एक उचलून तोंडात टाकायच्या आधी मी त्याच्याकडे नुसती बघत बसले. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी. देठाकडे अजून कडक, टोकाकडे मध झालेला. रुतब म्हणजे पुरता खजूर होण्याआधीचं खजुराचं वय. धड कच्चं नाही, धड पिकलेलं नाही, आणि स्वतःला मात्र फार गोड समजणारं. मी दोह्यात आले तेव्हा त्याच वयाची होते. त्यामुळे हे फळ दरवर्षी मला जरा लाजवून जातं.

"दादी, जस्ट ईट इट," सना म्हणाली. नातीला माझी सगळी मराठी समजते, पण उत्तर तिच्या शाळेच्या भाषेत येतं. मी खाल्ला. बी हातात घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर ते दिवस सुरू झालेत, हवेत अर्धं पाणी मिसळलेले. आमच्या अल थुमामाच्या घरातून चष्मा घालून पाऊल बाहेर टाकलं की काचा पांढऱ्या होतात आणि जग नाहीसं होतं. आत यंत्राची थंडी, बाहेर कढईतली वाफ. आता या उकाड्याचं काही वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटलं होतं. पहिल्या वर्षी मला असं वाटलं होतं, की कुणीतरी कुठलंतरी झाकण उघडं टाकलंय आणि ते बंद करायला विसरलंय, आणि मी आमच्या ह्यांना तसं सांगितलंही होतं.

ज्या साली आण्यांचे नवे पैसे झाले, त्या सालचा हा उन्हाळा. त्याआधीच्या हिवाळ्यात मी मुंबईहून आगबोटीने आले. बोट किनाऱ्याला लागतच नसे, पाणी उथळ. लांब समुद्रात नांगर टाकायची आणि माणसांना दोराच्या शिडीवरून मचव्यात उतरवायची. मी बुरख्यासकट शिडीवर अडकले. खालचा खलाशी हात हलवत "यल्ला, यल्ला" ओरडत होता. मला वाटलं, माझी वेळ भरली म्हणून अल्लाचं नाव घेतोय. मीही डोळे मिटून घेतलं. तो फक्त लवकर उतर म्हणत होता. कतारशी माझी ओळख झाली ती अशी.

रत्नागिरीच्या मराठी शाळेत मी सातवी झाले होते. त्या काळात बाईमाणसाला ही विद्या पुरून उरत असे, आणि मला तर ती डोक्यातून ओसंडून वाहत होती. आमचे हे एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून. पेढीला पोस्टाची पेटी होती, आणि आसपासच्या सगळ्या कोकणी माणसांचं टपाल त्याच पेटीत यायचं. हे गुरुवारी गठ्ठा घरी आणत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माणसं आमच्या अंगणात जमत. कुणी होडीचा सुतार, कुणी शिंपी, कुणी साहेबाच्या घरी खानसामा. मी दाराच्या पडद्याआड बसून पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहून द्यायची. बायकोने लिहिलेलं "तुमची फार आठवण येते" हे वाक्य मी मोठ्याने वाचलं की अंगणात एकदम खोकल्याची साथ यायची.

माझा मोबदला ठरलेला होता. तिकीट माझं; इथून गेलेलंसुद्धा मी गावाहून परत मागवायची.

हा नाद मला मेमसाहेबाने लावला, ह्यांच्या साहेबाच्या बायकोने. तिच्याकडे मी भरतकाम शिकवायला जात असे आणि ती मला तिकिटं दाखवत असे. भिंग, चिमटा, काळी बशी. बशीत कसलंतरी वासाचं पातळ तेल टाकून ती तिकीट पालथं ठेवायची, आणि कागदाच्या पोटातलं मुकुटाचं चिन्ह हळूच वर यायचं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनातल्या मनात आयतल कुर्सी म्हटली, भुताखेतांना पळवणारी. पुढच्या आठवड्यात मात्र मीच जाणकार झाले होते. ह्यांच्याकडे हट्ट करून चिमटा मागवला, तो अंबाड्यात खोचून फिरायची. कुणी तिकीट दिलं की डोळे बारीक करायचे, उजेडाकडे धरायचं आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"ला काही अर्थ नव्हता. आता माझ्या वयाला पोचल्यावर मला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण ती पोरगी हाताला लागत नाही.

तिकिटांची ती सगळी दौलत मी आजवर शिलाई मशीनच्या खणात ठेवली होती. गेल्या महिन्यात सनाला सापडली. तिने फोटो काढले, कुणाला तरी पाठवले, आणि काल मला गाडीत घालून मुऐदरला एका बंगल्यात घेऊन गेली. अबू नासर म्हणून एक कतरी गृहस्थ, माझ्याहून थोडे लहान, आयुष्यभर इथलं जुनं टपाल गोळा करत आलेले. इथल्या जुन्या माणसांना हिंदी येते, तशी त्यांनाही. कॉफी झाली, रुतब झाले. मग त्यांनी दिवा जवळ ओढला आणि मी दिलेली रास चिमट्याने चाळायला घेतली. चाळता चाळता त्यांचा चेहरा असा होत गेला, जसा भाताची चूल विझलेली पाहून आमच्या सासूबाईंचा व्हायचा.

"ही पाकिटांवरून कुणी काढली?"

"पाण्यात भिजवून," मी अभिमानाने म्हणाले. "एकही फाटलेलं नाही. परातीत कोमट पाणी घ्यायचं, वर तरंगू द्यायची..."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. नव्या पैशांच्या आधी इथे जी तिकिटं चालत, त्यांवर कतारचं नावच नसायचं. इंग्लंडचं तिकीट, त्यावर आण्यांचा छाप. तेच मस्कतला, तेच दुबईला, तेच इथे. मग एखादं तिकीट दोह्यातलं हे ओळखायचं कशावरून? पोस्टाच्या शिक्क्यावरून. आणि शिक्का अर्धा तिकिटावर असतो, अर्धा कागदावर. पाकिटापासून सोडवलेलं तिकीट म्हणजे गावाचं नाव विसरलेला माणूस. कुठला, कुणाचा, कधी निघाला, काही सांगू शकत नाही. तेच पाकीट अख्खं असतं, तर समोर लावलेलं तिकीट, मागे वाटेतल्या गावांचे शिक्के, विमानाच्या टपालाची निळी चिठ्ठी, असा सगळा प्रवास वाचता आला असता. त्यालाच मोल.

"हू डिड धिस?" त्यांच्या मुलाने आत येऊन विचारलं. सनाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी परातभर दोहा धुऊन टाकला होता. मला धक्का बसला, हे खरं. पण त्याहून मोठा धक्का एकदा या हातांनी दिलेला आहे, आणि तो नेमका याच मोसमात.

खजुराचा मोसम म्हणजे आमच्या अंगणात पत्रांचा उपास असायचा. इकडे झाडांना घड लागायचे आणि तिकडे कोकणात तऱ्या बंद व्हायच्या, खाड्या फुगायच्या, आगबोटी धक्क्याला लागायच्या थांबायच्या. मुंबईपासून इथपर्यंत विमान होतं, पण वाडीपासून मुंबईपर्यंत चिखल होता. गुरुवारचा गठ्ठा बारीक होत जायचा. शुक्रवारी माणसं यायची, रुतब खायची, बिया अंगणात मोजून एका बाजूला ठेवायची आणि उठून जायची.

त्यात उस्मानखालू होते. तसे नात्याचे कुणी नाहीत, पण वयाने मोठे म्हणून सगळ्यांचे खालू. होडीचे सुतार. किनाऱ्यावर मोडक्या होड्यांच्या पोटात बसून दिवसभर फळ्यांना फळ्या जोडायचे. गावी म्हातारी आई एकटी. रमजानच्या आधी तिचं पत्र आलं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात खोकला थांबत नाही, एवढं होतं. त्यानंतर काही नाही. दर शुक्रवारी खालू यायचे आणि पडद्याबाहेरून एकच विचारायचे.

"जैबू, आयेचा काय?"

"काही नाही, खालू."

"बरां." आणि बसायचे. दुसऱ्यांची पत्रं ऐकायचे. दुसऱ्याच्या आईने आंब्याचं लोणचं घातलं, हे ऐकूनही त्यांचा चेहरा जरासा निवायचा.

ईदचं पत्र आईला पाठवायचं ठरलं, तेव्हा मी त्यांच्या गळ्यात काय मारलं ते ऐका. पोस्टात नुकतीच नवी तिकिटं आली होती, पहिल्यांदाच कतारचं नाव छापलेली. त्यांतलं एक भलं मोठं, काळपट तपकिरी, त्यावर किल्ला आणि कोपऱ्यात राणी. माझा जीव त्याच्यावर गेला होता. पण एवढ्या किमतीचं तिकीट साध्या पत्राला कोण लावणार? मी खालूंना सांगितलं, "मोठ्या तिकिटाचं पत्र पोस्टवाले वर ठेवतात. लवकर पोचतं."

"असा?"

"मेमसाहेब म्हणते."

मेमसाहेब असं काही म्हणाली नव्हती. खालूंनी किल्ला आणला. आता अडचण अशी, की किल्ला आडवा, पाकीट छोटं, आणि मला तर शिक्का स्वच्छ उमटायला हवा होता, भोवती मोकळी जागा ठेवून. म्हणून मी पत्ता आखडला. अमुक मार्फत काढलं, वाडी काढली, तालुका काढला. इंग्रजीत लिहिला, ठळक, वळणदार. आईचं नाव, गाव, जिल्हा रत्नागिरी. इंग्रज लोक थोडक्यात लिहितात, असं मी खालूंना ऐकवलं. त्या नावाची गावं आमच्या जिल्ह्यात दोन आहेत, हे मला चांगलं ठाऊक होतं. नाव इथे लिहीत नाही, दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. पत्राखाली, नेहमीप्रमाणे, माझी एक ओळ: हे पाकीट तिकिटासकट जपून उत्तरासोबत परत पाठवणे.

रुतब बाजारात आले त्या आठवड्यात ते पत्र परत आलं. पत्त्यावर माणूस सापडला नाही. पाठ शिक्क्यांनी भरलेली. मुंबई, रत्नागिरी, भलतंच गाव, पुन्हा मुंबई. पुढच्या बाजूला किल्ला, आणि त्यावर दोह्याचा शिक्का असा गोल, असा काळाभोर, की मला दुसरं काही दिसेना. हे गुरुवारी गठ्ठा ठेवून झोपले आणि शुक्रवारी पहाटेच साहेबाबरोबर उमसईदला गेले, तेलाच्या बंदरावर. मी कात्री घेतली.

भिजवणार नव्हते. त्याच आठवड्यात मेमसाहेबाने मला शिकवलं होतं, की शिक्का असा चांगला असेल तर भिजवू नये, भोवतीच्या कागदासकट तुकडाच कापून घ्यावा. मी शिकलेली. मी वरचा उजवा कोपरा चौकोनी, सरळ कापला. तुकडा माझ्या तिकिटांच्या पेटीत ठेवला आणि पाकीट गठ्ठ्यात परत सारलं. त्यांचंच पत्र त्यांना परत, त्यात काय वाचायचं होतं?

जुम्म्यानंतर माणसं आली. मी आत मासे तळत होते. सुरमई होती. बाहेर कुणीतरी गठ्ठा वाटला असावा. आधी बोलण्याचा आवाज होता, मग तो बंद झाला. तेल तेवढं वाजत राहिलं. मग शिंपी कासमभाईंचा आवाज आला, खाली उतरलेला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

मी पडदा सारून पाहिलं. खालू जमिनीवर बसले होते, पाय पसरून, होडीतून पडलेल्या माणसासारखे. मांडीवर पाकीट.

"खालूंची आई गेली," कासमभाई पडद्याच्या दिशेने म्हणाले.

मी रडले. हे लिहिताना मला अजून घाम फुटतो, पण सांगते, अंगणातल्या सगळ्यांत मोठ्याने मी रडले. शेजारची फातिमाभाबी धावत आली, तीही रडली. खबर कशी आली, कुणी विचारलं नाही. दुःखाच्या माणसाला कागद दाखव म्हणून कुणी म्हणत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, लांब वारलेल्या माणसाची नमाज आमच्यात इथून पढता येते. दुपार कलल्यावर, असरनंतर, मशिदीत ती पढली. अनोळखी अरब माणसंही मागे उभी राहिली, असं नंतर कळलं. बायकांनी घरात कुराणातली यासीन वाचली. खालूंच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या खोकल्याबद्दल, तिच्या सबुरीबद्दल मी फातिमाभाबीला इतकं काही सांगितलं, की तिलाही ती डोळ्यांपुढे दिसायला लागली.

दिवस बुडताना, मगरिबच्या आधी हे आले, वाळूने माखलेले. अंगणात माणसं पाहून थबकले. कासमभाईंनी सांगितलं. हे खालूंशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "खबर कुणी आणली?"

खालूंनी पाकीट पुढे केलं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मयताची खबर असेल तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. हिंदू असो, मुसलमान असो, सगळ्या मुलखात ही रीत. कोपरा फाटका दिसला की वाचायची गरज नसे, माणूस हातातच बसायचा. खालूंच्या हातात त्यांचंच पत्र परत आलं होतं, न फोडलेलं, आणि त्याचा कोपरा कापलेला होता. दुसरा अर्थ त्या पाकिटाला कोकणात कुठल्याही माणसाने लावला नसता. घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून परत पाठवलं, आणि कोपरा कापून पाठवलं.

ह्यांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं.

"काल मी पोस्टाच्या पेटीतून काढलं, तेव्हा हा कोपरा होता," हे म्हणाले. "किल्ला होता त्यावर."

अंगणातली सगळी डोकी पडद्याकडे वळली. मी पडद्यामागे नव्हते. रडण्याच्या भरात केव्हाच बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले होते, आणि माझ्या अंबाड्यात चिमटा होता.

अंगावरून गरम पाणी गेलं म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट थंड झालं. पायाच्या तळव्यापासून थंड. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा थंडी वाजली. आत गेले, माझी पेटी उघडली, आणि तो तुकडा आणून खालूंच्या हातावर ठेवला.

खालू रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाकीट गुडघ्यावर पसरलं आणि तुकडा त्याच्या जागी सरकवला, फळीचा सांधा बघावा तसा, नखाने दाबून. एक डोळा मिटून पाहिलं.

"सांधा बसला," ते म्हणाले. मग वर बघून, "मंग आय हाय?"

आणि एकेक बोट मुडपत स्वतःच हिशेब मांडला.

"मेली, असा कोण बोलला नाय. हाय, असाबी कोण बोलला नाय."

"तार करा, खालू," कासमभाई म्हणाले.

"तारेला कोपरा कुठला असतो रे? मी जातो."

काम मधेच टाकून गेलेल्या सुताराला मालक परत ठेवणार नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. कुणी थांबवलं नाही. एकाने फक्त जड आवाजात विचारलं, की आपण पढलो त्या नमाजेचं आता काय? परत कशी घ्यायची? कासमभाईंनी निकाल दिला, "दुवा फुकट जात नाय. जमा राहील." त्यावर कुणीतरी हसलं. मग खालूही हसले, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागले, आणि तळलेली सुरमई तशीच गार होऊन गेली.

पुढच्या आगबोटीने ते गेले. बरोबर मी दिलेला रुतबचा एक डबा आणि ते पाकीट, तुकड्यासकट. तुकडा मी मागितला नाही. एवढी अक्कल तेव्हा आली होती.

मग राहिलेला मोसम. सना, तुम्ही फोनवर एक खूण निळी व्हायची वाट बघता आणि तेवढ्यात चिडता. मी झाडावरचे घड पिवळ्याचे तपकिरी होताना पाहिले, तपकिरीचे काळे. रोज पहाटे गच्चीवरून अंथरुणं खाली आणताना चादरी दवाने पिळण्याइतक्या ओल्या असायच्या, आणि मला वाटायचं, म्हातारी आहे की नाही? ती खोकल्याने गेली असेल, तर माझ्या किल्ल्यासाठी तिच्या मुलाचं ईदचं पत्र तिला मिळालं नाही. ती असेल, तर तिच्या मुलाचं काम माझ्या कात्रीने गेलं. दोन्ही बाजूंनी मीच. चिमट्याने मी माशाचे काटे काढू लागले. मेमसाहेबाकडे जायचं बंद केलं, डोळे आलेत म्हणून सांगितलं. शुक्रवारी माणसं यायची आणि आपापलं पाकीट घेताना माझ्या देखत चारी बाजूंनी फिरवून बघायची. "भाबी, मोजून घेतो हां," खानसामा म्हणायचा. "माझी आय अजून दोन वर्सं तरी जगवायची हाय."

तऱ्या सुरू झाल्यावर, एका गुरुवारी, हे पेढीवरून लवकर आले. हात पाठीमागे. "कात्री कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी घाबरून दिली. ती त्यांनी वरच्या कोनाड्यात ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी, आणि मग पाकीट पुढे केलं.

जाडसर, भरलेलं. पत्ता मराठीत, पूर्ण, मार्फतसकट. आणि चारी कोपऱ्यांवर शाईचे काळे डाग. मला वाटलं, वाटेत भिजलं. हे हसत होते. "नीट बघ."

ते अंगठे होते. म्हातारीचे. वर एक, खाली एक, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक कोपऱ्यावर तिने आपला अंगठा उठवला होता. मी ते पाकीट छातीशी धरून खाली बसले, आणि किती वेळ फोडलंच नाही. फोडायची गरज नव्हती. मेलेल्या माणसाच्या अंगठ्याला शाई कोण लावणार?

आत माझं ते कापलेलं पाकीट होतं, तुकड्यासकट, परत पाठवलेलं. आणि गावच्या मास्तरांच्या हातचं पत्र, पण बोल म्हातारीचे. "जैबू, उस्मान सांगतो तुम्ही माझी नमाज पढलात. बरं झालं, एक काम उरकलं. तुझे खजूर खाल्ले. दात नाहीत, पण चोखायला चालतात. पोरगा आता परत जात नाही म्हणतो. तुझ्या कात्रीला माझा सलाम सांग." त्याखाली माझ्यासाठी आणखी एक ओळ होती, ती मी त्या दिवशी ह्यांनाही वाचून दाखवली नाही.

खालू परत आले नाहीत. तिकडेच खाडीवर होड्या बांधत राहिले. म्हातारी जगली, खोकत खोकत, बरीच वर्षं. इथले रुपये जाऊन रियाल आले, त्या सुमारास खालूंचं कार्ड आलं. मी घाईने आधी कोपरे पाहिले. चारी शाबूत होते. वाचायला घेतलं, तर लिहिलं होतं, आय गेली. कोपरा मुद्दाम फाडला नाही. तुमच्या घरात कोपऱ्यावर विश्वास कोण ठेवणार.

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा तिच्यासाठी रडले. या वेळी हळू.

मुऐदरला ही दोन्ही पाकिटं मी सगळ्यांत शेवटी पिशवीतून काढली. अबू नासरनी आधी कापलेलं घेतलं. पाठीवरचा एकेक शिक्का भिंगाखाली धरून वाचला. किल्ल्यावरच्या छापाची अक्षरं टोकदार की गोल, ते पाहिलं. तुकडा त्याच्या जागी सरकवला. मग खुर्चीला टेकून बसले. त्या किल्ल्याचं अख्खं पाकीट, दोह्याहून विमानाने गेलेलं, दोन गावं चुकून परत आलेलं, त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. अख्खं असतं तर त्याचं काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं. आकडा मी लिहीत नाही. सनाने हातातला रुतब डब्यात परत ठेवला.

"आणि असं?"

"असं?" त्यांनी मान हलवली. "खलास."

मी म्हटलं, ते अख्खं राहिलं असतं तर एक माणूस आईला भेटला नसता. सनाने त्यांना ते नीट समजावून सांगितलं की नाही, कोण जाणे.

मग त्यांनी दुसरं पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं आणि नाक मुरडलं. हिंदुस्थानचं साधं तिकीट, घरोघरी सापडणारं. त्यात चारी बाजूंनी शाईचे डाग, कुणा गलथान माणसाने हाताळलेलं. याला मोल नाही. हवं तर तिकीट तेवढं काढून देतो, म्हणाले, नातवंडांना होईल, पाकीट टाकून द्या. त्यांनी चिमटा उचलला, कोपऱ्याशी नेला, आणि थांबले. कुठून धरावं, ते त्यांना कळेना.

मला हसू आलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिथेच माझाही चिमटा अडला होता. म्हातारीने शेवटच्या ओळीत लिहूनच ठेवलं होतं: "तिकिटाजवळचा अंगठा अर्धा तिकिटावर ठेवलाय, अर्धा पाकिटावर. आता काप बघू."